तिसऱ्यांदा विचारल्यावर

ताजमाहने नवऱ्याच्या कोटाचं वरचं बटण स्वतःच्या हाताने लावलं, खांद्यावर नसलेला धागा झटकला आणि बजावून सांगितलं,

"आणि हे बघा आगा, पहिल्यांदा विचारलं की पहिल्यांदाच हो म्हणायचं."

"बरं," फत्हुल्ला खान म्हणाले.

"बरं नाही. म्हणून दाखवा."

"हो."

"अस्सं. एवढंच. मी कुठला लायक, माझ्याहून थोर माणसं पडली आहेत, मी तुमच्या दारची धूळ, यातलं एक अक्षर काढायचं नाही. ते रोम म्हणतील, तुम्ही हो म्हणायचं. मग पुढे हवी तेवढी फुलं उधळा."

ते हसले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर, तेहरानच्या वर डोंगराच्या पायथ्याशी, शेमिरानच्या जुन्या बागेत बर्फ अजून टिकून होता. नवरोझ तीन आठवड्यांवर आला होता, पण डोंगराला त्याची खबर नव्हती. ताजमाहने चहाच्या समोवारात निखारे सारले, शेगडीतली राख वरवर उकरली आणि पिस्त्यांची बशी मेजाच्या या टोकाची त्या टोकाला नेऊन ठेवली. मग पुन्हा या टोकाला आणली.

सकाळी दरबारातून फोन आला होता. नुसरत खान दुपारी चहाला येतो म्हणाले. शाळेपासूनचे सोबती, पण वर्ष होत आलं, त्यांची मोटार या गल्लीत फिरकली नव्हती. ते नुसते चहाला येत नाहीत हे कळायला काही ज्योतिषी नको होता. रोमच्या वकिलातीची जागा रिकामी आहे आणि ती कुणाला द्यायचं दरबाराच्या मनात आहे, हे ताजमाहच्या कानावर बायकांच्या न्हाणीघरात, हमामातच, आलं होतं. तेहरानमध्ये मंत्र्यांना कळायच्या आधी हमामातल्या बायकांना कळतं.

आणि रोमहून जिनिव्हा म्हणजे आगगाडीची एक रात्र. जिनिव्हाला तिचा मुलगा सियामक होता, त्याची ती पिंगट केसांची बायको होती, आणि आठ महिन्यांची महनूश होती. त्या नातीला ताजमाहने फक्त फोटोत पाहिलं होतं. फत्हुल्ला खानांचं पंतप्रधानपद गेलं त्याच महिन्यात दोघांचे पासपोर्ट 'तपासणीसाठी' गेले होते, आणि तपासणारे कुणी घाईत नव्हते. आता सरकारनेच पाठवलं तर जायचं, नाहीतर फोटो बघत बसायचं. तिची पिशवी मात्र भरून तयार होती. केशर, वाळवलेली लिंबं, एक मखमली टोपडं आणि नातीची दृष्ट काढायला इस्पंदाच्या बियांची पुडी. तिकडच्या थंड लोकांना इस्पंद कुठून माहीत असणार? आठ महिने पोर दृष्ट न काढता वाढत होती. या एका गोष्टीने ताजमाहची झोप उडायची.

आणि हे सगळं आता एका माणसाच्या जिभेवर अवलंबून होतं. ती जीभ कशी आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या शहरात पहिला शब्द हा मुळी शब्दच नसतो. दुकानदार म्हणतो, पैसे राहू द्या, तुमच्यावरून ओवाळून टाकले. आणि गिऱ्हाईक निमूटपणे पैसे मोजतं. पाहुणा जेवायला बसा म्हटलं की पोट भरलंय म्हणतो, दुसऱ्यांदा म्हटलं की खरंच भरलंय म्हणतो, आणि तिसऱ्यांदा हात धुवायला उठतो. लग्नातही तसंच. मुल्ला विचारतो, मुली, तुला हा नवरा पसंत आहे का. तेव्हा नवरीने गप्प राहायचं आणि बायकांनी ओरडायचं, नवरी फुलं वेचायला गेली. दुसऱ्यांदा विचारलं की, नवरी गुलाबपाणी आणायला गेली. तिसऱ्यांदा मात्र नवरीने मान खाली घालून, थोरांच्या आज्ञेने, हो म्हणायचं.

ताजमाह पहिल्यांदाच हो म्हणाली होती. सतरा वर्षांची होती, समोरच्या आरशात फत्हुल्लाचा चेहरा दिसत होता, आणि मुल्लाचं वाक्य पुरतं संपायच्या आत तिच्या तोंडून खणखणीत हो निघून गेलं. बायकांनी बोटं चावली. आत्या म्हणाली, अगं, फुलं तरी वेचून यायचंस. पस्तीस वर्षं झाली, पण घरात कुठलंही लग्न निघालं की तिची ही गोष्ट निघाल्याशिवाय राहत नसे. तीही हसायची. खोटं बोलता येत नाही त्याला हसण्यावारी नेण्याखेरीज दुसरा उपाय नसतो.

नवरा नेमका उलटा. अर्थखात्यात कारकून होता तेव्हापासून तिसऱ्या शब्दावर जगलेला. घराणं जुनं होतं, पैसा मात्र जुनाही नव्हता आणि नवाही नव्हता. जे काही मिळालं ते अदबीने मिळालं. उपसचिव व्हा म्हटलं तेव्हा त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला, नजर गालिच्याकडे वळवली आणि म्हटलं, मी कुठला लायक. सुभेदारीच्या वेळी तेच, मंत्रिपदाच्या वेळी तेच. पंतप्रधानपद देऊ केलं तेव्हा दोनदा नाही म्हणून ते घरी येऊन चक्क जेवले, आणि तिसऱ्या बोलावण्याला काळा कोट घालून गेले. त्यांचे विरोधक म्हणायचे, हा माणूस दाराला नको नको म्हणत आत शिरतो. ताजमाहला ते वाक्य आवडलं होतं, पण तसं तिने कधी कबूल केलं नाही.

मग पंतप्रधानपदाचं ते सव्वा वर्ष आलं. कसणाऱ्याला जमीन द्यायची, असं फत्हुल्ला खानांनी ठरवलं आणि पहिलं गाव कुणाचं वाटलं तर ताजमाहच्या बापाचं. दुसऱ्याची वाटायला तोंड कुठलं राहील, एवढंच ते तिला म्हणाले. तिच्या भावाने त्या दिवसापासून या घराचा उंबरा ओलांडला नाही. ती रडली, आणि डोळे पुसून भावाला तिने सांगितलं की माझा वाटा तर मी लग्नातच सोडला होता, आता तू तुझा सोड. गावोगाव नव्या मालकांना कागद मिळाले. पण त्या जमिनीखालचे पाण्याचे जुने पाट बुजले होते, ते उपसायला पैसा लागणार होता, आणि तोच पैसा दरबाराला फौजेसाठी हवा होता. पाणी न देता जमीन दिली तर ती दिली कुठे, असं फत्हुल्ला खान घरात येरझाऱ्या घालत म्हणायचे. शेवटी एके दिवशी राजवाड्यावर गेले आणि तिथे म्हणाले, मला मोकळं करा.

तेव्हा शहांनी 'छे छे, असं कसं' म्हणायचं होतं. आधी दोनदा तसंच झालं होतं. या वेळी मात्र पडत्या फळाची आज्ञा. संध्याकाळच्या रेडिओवर नवा पंतप्रधान आला.

सगळं तेहरान हसलं. आयुष्यभर शिष्टाचारावर जगलेला माणूस शिष्टाचारातच बुडाला, याहून गोड बातमी काय असणार? बाजारात 'मेहरगान करणं' असा शब्दच निघाला, कारण त्यांचं आडनाव मेहरगान. फळवाला पैसे राहू द्या म्हणाला की गिऱ्हाईक म्हणायचं, बाबा रे, मेहरगान करू नकोस, खरंच ठेवून घेईन. ताजमाहने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि लाजेने कलिंगड तिथेच टाकून घरी आली.

घरी येऊन तिनेही बोलून घेतलं. हात दाखवून अवलक्षण, म्हणाली. त्या दिवशी आणि पुढे कितीतरी दिवस. मी पहिल्यांदाच हो म्हणून हसू करून घेतलं, तुम्ही नको नको म्हणून. फत्हुल्ला खान ऐकून घ्यायचे. कधी म्हणायचे, चहा आहे का ताजमाह. एवढंच.

मोटारीचा भोंगा वाजला तेव्हा तीन वाजले असतील. नुसरत खान कोटावरचा बर्फ झटकत आत आले, आणि दारातच दोघा मित्रांची आधी कोण आत जाणार यावरून खेचाखेच झाली. तुम्ही आधी, छे, तुम्ही आधी. शेवटी दोघेही दारात आडवे अडकून एकदमच आत आले. ताजमाहने मनात म्हटलं, झाली सुरुवात.

ती समोवारापाशी बसली. बायकांनी आत जायची या घरात रीत नव्हती, आणि आज असती तरी ती गेली नसती. नुसरत खानांनी थंडीची चौकशी केली, सांधेदुखीची केली, सियामकची केली. नातीचं नाव काय म्हणालात? वा, वा. दरबारातल्या कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं ते सांगितलं. इस्फहानहून आणलेली गझ मिठाई पुढे केली, आणि ती कशी काहीच लायकीची नाही तेही सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं ऐकलं होतं, हे तर अख्खी म्हैस कोटाखाली लपवून बसले होते.

अखेर त्यांनी साखरेचा खडा दातांत धरला, चहाचा घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"फत्हुल्ला, रोम रिकामं आहे," ते म्हणाले. "वरून तुझं नाव निघालंय. त्यांनी स्वतः काढलंय."

ताजमाहने पेल्यात चमचा घातला. हो. एक अक्षर. म्हणा.

"त्यांची कृपा आहे," फत्हुल्ला खान म्हणाले. "पण नको."

तिच्या हातातला चमचा पेल्यावर जरा मोठ्यानेच वाजला. नुसरत खान मात्र खुशीत हसले. त्यांना अपेक्षित तेच मिळालं होतं. ते मागे रेलून बसले, आणि आग्रह करायचा असतो तसा त्यांनी केला. रोमची हवा सांध्यांना किती चांगली. वकिलातीच्या बागेत लिंबाची झाडं आहेत. सूनबाई आणि नात वाटेल तेव्हा येऊन राहतील. काही अट नाही, अगदी काहीही नाही. फक्त वर्तमानपत्रात एक चार ओळींची बातमी येईल, की मेहरगान साहेबांनी गेल्या वर्षी प्रकृतीच्या कारणाने रजा मागितली होती, आता प्रकृती सुधारल्यावर ते पुन्हा सेवेत रुजू होत आहेत. लोकांचं हसणंही थांबेल. तुझ्याच भल्याचं आहे.

"नको, नुसरत."

दुसऱ्यांदा. ताजमाहच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाला मघाशी बटण लावताना काय सांगितलं होतं? तिसऱ्यांदा विचारायच्या आत नुसरत उठला तर? शहा नव्हते का उठले? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. तिने नवऱ्याकडे जळजळीत बघितलं. डोळ्यांत डोळे घालून एकदा दटावायचं, म्हणून तिने त्यांची नजर शोधली.

नजर गालिच्यावर नव्हती.

ते नुसरत खानांच्या तोंडाकडे सरळ बघत होते. आणि त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता. नुसता ठेवलेला. पस्तीस वर्षांत तिने हा माणूस शेकडो वेळा नको म्हणताना पाहिला होता. चहाला, बक्षिसाला, मंत्रिपदाला. दर वेळी तो हात आपोआप छातीवर जायचा. आज तो गुडघ्यावरून हलला नाही.

ताजमाहचा संताप कुठल्या कुठे गेला. तिला कळलं. कळायला नको होतं असंही वाटून गेलं.

नुसरत खान पुढे झुकले.

"हे बघ, मी आता तिसऱ्यांदा विचारतोय. मान राहिला, रीत राहिली. आता म्हण बाबा हो, म्हणजे मी जाऊन सांगतो."

"नाही," फत्हुल्ला खान म्हणाले. नको नव्हे, नाही. पुढे फुलं नाहीत, मागे गुलाबपाणी नाही.

नुसरत खानांचं हसू अर्ध्यावर राहिलं. असं काही त्यांच्या कानाला सवयीचं नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं असावं की आपल्याच मोजण्यात काही चूक झाली. मग ते ताजमाहकडे वळले. आवाज अगदी मऊ केला.

"वहिनी, तुम्हीच समजावा. तुमचं ते ऐकतात. एक हो म्हणा त्यांच्या वतीने, मी तेच उत्तर घेऊन जातो. नातीचं तोंड बघायचं नाही का तुम्हाला?"

हो. तिच्या जिभेच्या टोकावर तोच जुना खणखणीत शब्द येऊन उभा राहिला. तो म्हटला असता तर फत्हुल्ला खानांनी तिला चारचौघांत खोडून काढलं नसतं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. ते तिच्याकडे बघतही नव्हते. मुद्दामच बघत नव्हते. शेगडीत एक निखारा फुटला. टोपड्याच्या कडेला तिने स्वतः मोती लावले होते, ते तिच्या डोळ्यांपुढे आले.

"तीनदा झालं, नुसरत खान," ती म्हणाली. "आमच्याकडे तिसऱ्यांदा म्हणतात ते खरं. तुमच्याकडेही तसंच असेल."

तिने पाहुण्यांच्या पेल्याकडे पाहिलं.

"चहा गार झाला तुमचा. दुसरा देऊ?"

"नको, नको," नुसरत खान सवयीने म्हणाले.

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पाहुणे थोडे थांबले, पेल्याकडे बघितलं, आणि मग हळूच उठले. त्यांनी टोपी घेतली. जाताना दारात मात्र या खेपेला आधी कोण यावरून खेचाखेच झाली नाही. फत्हुल्ला खान त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले, कारण काही झालं तरी पाहुणा तो पाहुणा. तुमचे पाय माझ्या डोळ्यांवर, तुमची सावली कमी न होवो, एवढं तिला खिडकीतून ऐकू आलं. मोटार बर्फात जरा घसरली, आणि गेली.

ते परत आले तेव्हा बुटांना बर्फ चिकटला होता. एरवी तिने गालिचा, गालिचा म्हणून आरडाओरडा केला असता. ते शेगडीजवळ बसले आणि हात शेकू लागले.

"आगा," ती म्हणाली. "त्या दिवशी. राजवाड्यावर मोकळं करा म्हणालात, तेव्हा हात कुठे होता तुमचा?"

त्यांना प्रश्न लगेच कळला. इतका लगेच, की तिला उत्तराची गरजच उरली नाही.

"गुडघ्यावर," ते म्हणाले.

अख्खं वर्ष. बाजारातला तो शब्द, ते टाकलेलं कलिंगड, हात दाखवून अवलक्षण. यांनी सगळं चहाबरोबर गिळलं होतं.

"मग सांगितलं का नाही? लोक हसले. मी हसले तुम्हाला."

"लोकांना हसू दिलं, म्हणून दरबाराने घरी बसू दिलं, ताजमाह. चुकून गेलेल्या माणसाला घरी बसू देतात. जो सोडून गेला त्याला नाही."

"लोकांचं सोडा. मला का नाही सांगितलं?"

त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

"तुला कुणीतरी विचारलं असतं. आणि तू पहिल्यांदाच खरं सांगून टाकलं असतंस."

तिला हसू आलं, आणि त्याच्याबरोबर रडूही. तिने पदरासारखी ओढणीची कड तोंडाला लावली.

"मला तिला एकदा मांडीवर घ्यायचं होतं हो," ती म्हणाली.

"माहीत आहे. मलाही." ते निखाऱ्यांकडे बघत होते. "पण आज हो म्हटलं असतं, तर त्या दिवशीचं ते 'मोकळं करा'ही खोटंच ठरलं असतं. मग तुझ्या वडिलांचं गाव मी कशासाठी घेतलं?"

बाहेर ऊन उतरलं होतं. आता नुसरत खान पोचले असतील, आणि तिकडे कुणीतरी विचारलं असेल, काय म्हणाला? आणि नुसरत खानांनी सांगितलं असेल, नाही म्हणाला. तीनदा. हसायला आता कुणाजवळ काही उरलं नव्हतं. आता यांना घरी बसू देणार नाहीत, न्यायला येतील. ती उठली.

कपाटातून तिने पिशवी काढली. इस्पंदाची पुडी सोडली, चिमूटभर बी घेतलं आणि नवऱ्यामागे उभी राहून त्यांच्या पिकल्या डोक्यावरून मूठ फिरवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तोंडाने ती पुटपुटत होती, आल्यागेल्याची, आप्ताची, परक्याची, राजवाड्याची. मग बी शेगडीत टाकलं. ते तडतडलं आणि त्याचा कडवट धूर खोलीभर झाला. फत्हुल्ला खान लहान मुलासारखे गप्प बसून राहिले.

मग तिने पिशवी मांडीवर घेतली. मखमली टोपडं बाहेर काढलं, हाताने सारखं केलं आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. केशर काढलं. लिंबं काढली. त्यांच्या जागी नवऱ्याचे दोन लोकरी सदरे घातले, जाड मोजे घातले, सांध्यांच्या औषधाची बाटली फडक्यात गुंडाळून घातली. इस्पंदाची पुडी तेवढी आत राहू दिली.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"तिथे थंडी असते म्हणतात," ती म्हणाली, आणि पिशवी दाराशी, हाताला लागेल अशी नेऊन ठेवली.